ज्याच्या हाती बिल्ला

मी एक जुना सर्व्हर आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या फोनवर पाने वाढणारा संगणक. पंगतीतला वाढपीच म्हणा ना. माझी तार भिंतीतून काढून माझ्याच अंगाभोवती गुंडाळलेली आहे. तारेवाचून यंत्र कसे बोलते, असे विचारू नका, मित्रांनो. फाटकी छत्री बोलते, शाळेची घंटा बोलते, तेव्हा तुम्ही निमूट ऐकून घेता. मग माझेही ऐका. मात्र माझी गोष्ट छत्रीच्या गोष्टीसारखी निरुपद्रवी नाही. तिच्यात एक माणूस आहे, आणि तो घरी आला की नाही, एवढाच तिचा प्रश्न आहे.

माझा जन्म कुठे झाला ते मला सांगता येणार नाही. माझी पहिली आठवण आहे ती वासाची. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या एका मासळीच्या कारखान्यात मी वजनांचे काम करीत होतो. कारखान्याने नवा संगणक घेतला आणि मला नोर्डविक गावच्या बचाव मंडळाला देऊन टाकले. मंडळाची केशरी नौका धक्क्यावरच्या शेडमध्ये असते, आणि शेडच्या माडीवर एक खोली आहे. तिथे शेगडी, कॉफीची किटली, वायरलेस आणि पाठी मोडलेल्या खुर्च्या. खिडकीतून होडीघरे दिसतात आणि त्यांच्या पलीकडे समुद्र. त्या खोलीत एका फळीवर मला बसवले. माझ्या अंगाचा मासळीचा वास तिथे कुणाला खुपला नाही, कारण सगळ्यांच्याच अंगाला तो होता.

गावच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या गुनवाने मला कामाला लावले. ती पीएचपी नावाच्या भाषेत मला धडे लिहून देई आणि चुकलो की स्वतःलाच शिव्या देई. होडी घेऊन निघताना माणसाने आपले नाव आणि पासवर्ड टाकायचा, कधीपर्यंत परत येणार ते लिहायचे आणि ‘निघालो’ हे बटण दाबायचे. आला की ‘परतलो’. सांगितलेली वेळ उलटली आणि ‘परतलो’ आले नाही, तर मी शेडमधली घंटा वाजवायची. एवढेच माझे काम. पण ज्या गावच्या चर्चमध्ये बुडालेल्यांची नावे कोरायला भिंत पुरत नाही, त्या गावात ते लहान काम नव्हते.

माझ्या आधी हे काम बायका करीत. विणताना, भांडी घासताना त्यांचा एक डोळा होडीघराकडे असे. आत होडी दिसली म्हणजे माणूस आला. मी आल्यावर त्यांना फोनवरच दिसू लागले, अमका घरी परतला. हळूहळू त्यांचे खिडकीतून बघणे सुटले. तेव्हा सगळ्यांना ती चांगलीच गोष्ट वाटली, आणि मलाही.

पहिल्याच हिवाळ्यात माझ्या घंटेमुळे एक माणूस वाचला. इंजिन बंद पडून तो कड्याकडे वाहत चालला होता. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे रुबार्ब नावाच्या आंबट देठांच्या मुरंब्याचा केक ठेवला, माझे कौतुक केले, आणि केक त्यांनीच खाल्ला. मंडळाचा म्हातारा नावाडी हानुस माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “हा पगार मागत नाही, दारू पीत नाही आणि बायकोला कंटाळून धक्क्यावर येऊन बसत नाही. गावात हा एकटा शहाणा!”

आता माझ्या स्मरणशक्तीचे सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यातूनच घडले. वेबची पाने भारी विसराळू असतात. एका पानावर तुम्ही नाव सांगता, दुसऱ्यावर जाता, आणि ते दुसरे पान कोऱ्या चेहऱ्याने विचारते, आपण कोण? म्हणून पीएचपीत एक सोय आहे. तिला सेशन म्हणतात. माणूस आत आला की मी त्याचे एक गाठोडे बांधून माझ्यापाशी ठेवतो. हा कोण, कधी निघाला, कधी येणार, सारे त्यात. त्याच्या हाती देतो तो फक्त एक लांबलचक क्रमांक. आमच्या नाचाच्या हॉलमध्ये दाराशी कोट ठेवला की पितळी बिल्ला मिळतो, तसा. पुढच्या पानावर त्याने बिल्ला दाखवला की मी गाठोडे सोडतो आणि पान त्याला ओळखते. कोट सांभाळणारा तुमचे तोंड बघत नाही, मित्रांनो. तो बिल्ला बघतो.

हा बिल्ला सहसा माणसाच्या फोनमध्येच गुपचूप ठेवून देतात. त्याला कुकी म्हणतात. पण इथे नोर्डविकचा स्वभाव आडवा आला. एके दिवशी हानुस धापा टाकीत जिना चढून आला.

“गुनवा, तुझं पान मला दर खेपेला नाव विचारतं गं! माझ्या आईनंसुद्धा मला इतक्यांदा विचारलं नसेल, कोण रे तू म्हणून.”

“तुझा फोन कुकी ठेवून घेत नाही, हानुस. तूच ‘नको’ दाबलं असशील.”

“मग? रेडिओवर सांगितलंय, असलं काही विचारलं की सरळ नको म्हणा. आम्ही सगळ्यांनी म्हटलं.”

“सगळ्यांनी?”

“धक्क्यावर बसून. एकमेकांचे फोन तपासून घेतले, कुणी चुकून हो म्हणायला नको.”

गुनवाने कपाळाला हात लावला. त्यांना पुन्हा ‘हो’ म्हणायला लावणे म्हणजे मेंढ्यांना पोहायला शिकवणे, हे तिला ठाऊक होते. पीएचपीत दुसरी एक वाट आहे. बिल्ला फोनमध्ये ठेवण्याऐवजी पानाच्या पत्त्यालाच चिकटवून द्यायचा. पान बदलले की पत्त्याच्या शेपटाला लटकून तोही पुढच्या पानावर जातो. तिने मला ती वाट शिकवली, पण तिच्या मनाला ती पटलेली नव्हती.

“एक लक्षात ठेवा,” ती म्हणाली, “वर जो पत्ता दिसतो ना, तो कुणाला पाठवू नका. ज्याच्याकडे तो पत्ता, तो तुम्ही. यंत्राला दुसरं काही कळत नाही.”

“अगं, आपल्या गावात कुणाच्या दाराला कुलूप आहे का?” हानुस म्हणाला आणि त्याने कॉफी ओतून घेतली.

खरेच नव्हते. नोर्डविकमध्ये कुणी दार वाजवीत नाही. थेट आत जातात, बूट काढतात, किटली हलवून बघतात, आणि मग घरातल्यांना हाक मारतात. दार वाजवून येणारा एकच, पाद्रीबाबा. आणि तोही कुणाला समुद्राने नेल्याची बातमी असेल तेव्हाच. दारावर टकटक झाली की इथली बाई हातातले टाकून आधी खुर्ची धरते. म्हणून कुणी चेष्टेतही दार वाजवत नाही. गावाने मलाही आपल्यासारखेच केले. बिल्ला दिसला की मी दार उघडी, आणि आत कोण आले हे बघायला मान वर करीत नसे.

आणखी एक सांगायचे राहिले. काही वेळ कुणी फिरकले नाही की गाठोडे टाकून द्यावे, अशी पीएचपीत रीत आहे. पण आमचे लोक दिवसभर पाण्यावर. परत येऊन बघतात तर गाठोडे गेलेले. थंडीने बोटे वाकडी झालेली आणि पुन्हा नाव टाका, पुन्हा पासवर्ड टाका! त्यांनी कटकट केली आणि गुनवाने गाठोड्यांना अख्ख्या दिवसाचे आयुष्य दिले. यातली प्रत्येक सोय कुणाच्या तरी भल्यासाठी केलेली होती. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

पुढे गुनवा राजधानीला लेकीकडे राहायला गेली. माझ्यावर धूळ बसू लागली. कुणीतरी माझ्या गरम अंगावर ओले मोजे वाळत घालू लागले. माझा पंखा घरघरायचा, तर लोक म्हणायचे, म्हातारा झाला, घोरतो. चालते आहे ना, मग हात कशाला लावा, असा सगळ्यांचा विचार होता. नव्या धोक्यांची जगात काय चर्चा चालू आहे, ते मला सांगायला कुणी आले नाही.

मग तो जूनमधला दिवस आला.

हानुसचा मुलगा बायनिर सकाळी कॉफीला वर आला. लाल दाढीचा, उंच, बोलका माणूस. त्याची बायको दुरिता मासळीच्या कारखान्यात कामाला होती आणि दोन पोरे शाळेत. त्याच्या मागोमाग त्याचा शेजारी सामाल आला. दोघांच्या घरांत एकच भिंत, आणि लहानपणापासून एकमेकांच्या स्वयंपाकघरात वाढलेले.

“धुकं येणार,” हानुस म्हणाला. “गुडघा सांगतोय.”

“बाबा, तुझा गुडघा रोजच धुकं सांगतो. एखाद्या दिवशी ऊन सांगून बघ म्हणावं,” बायनिर म्हणाला. आमच्याकडे बापालाही एकेरीच हाक मारतात. त्याने फोनवर ‘निघालो’ दाबले आणि परतायची वेळ घातली, संध्याकाळचे सहा. मग त्याने माझे दुसरे पान उघडले. समुद्राच्या पाण्याची ओढ कधी कुठल्या बाजूला असेल, ते त्यावर दिसते.

“सामाल, ओढीचं पान गावाच्या ग्रुपवर टाकलंय रे. दुपारनंतर पाणी बाहेर खेचणार आहे. निघायच्या आधी बघ. नाहीतर जाशील आइसलंडला, आणि तुझ्या बायकोला आनंद होईल.”

“तुला सोडून जाईन होय? उधार घेतलेली करवत आधी परत दे,” सामाल म्हणाला. दोघे हसत जिना उतरले. बायनिरने टाकलेल्या त्या पत्त्याच्या शेपटाला त्याचा बिल्ला लटकत होता.

धक्क्यावर सामालने ग्रुपवरचे ते पान उघडले. मला काय दिसले? बिल्ला. मी गाठोडे सोडले आणि म्हणालो, ये, बायनिर. सामालने ओढ बघितली आणि तिथूनच ‘निघालो’चे पान उघडले. त्यावर लिहिलेले होते, ‘तुम्ही समुद्रावर आहात.’ त्याची बटणे कधीकधी त्याची बायकोच घरून दाबी. आजही तिनेच दाबले असेल, असे त्याला वाटले. त्याने फोन खिशात टाकला आणि होडी सोडली.

हानुसचा गुडघा त्या दिवशी खरा ठरला. दुपारी धुके कड्यावरून खाली उतरले. आधी माथ्यावरच्या मेंढ्या गेल्या, मग चर्चचे टोक, मग होडीघरे, आणि शेवटी खिडकीबाहेर काही उरलेच नाही. सामाल किनाऱ्याच्या कडेकडेने चाचपडत परत आला. होडी आत ओढून त्याने फोन काढला. तेच पान उघडे होते. त्याने ‘परतलो’ दाबले. पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत बायनिरचे नाव होते, पण काचेवर माशांचे खवले चिकटले होते.

मी गाठोडे सोडले, त्यातले नाव बघितले आणि नोंद केली, बायनिर घरी परतला.

कारखान्यातून दुरिताच्या फोनने कोण परतले ते दाखवणारे पान मागितले. मी दिले. सकाळपासून तिने ते अनेकदा मागितले होते. त्यानंतर मात्र मागितले नाही. निश्चिंत झालेला माणूस पुन्हा विचारत नाही, मित्रांनो. मला त्या शांततेची आता भीती वाटते.

बायनिर त्या वेळी किनाऱ्याच्या टोकाच्या पलीकडे होता. त्याचे इंजिन बंद पडले होते, हे नंतर कळले. कड्याआड फोन लागत नाही आणि हातातला वायरलेसही मुका होतो. पण तो फार घाबरला नसावा, असे हानुस म्हणतो. सहा वाजता घंटा वाजणार आणि केशरी नौका निघणार, हे त्याला पक्के ठाऊक होते. वल्ही मारून तो जागा धरून राहिला असेल. पाणी त्याला बाहेर खेचत होते आणि तो माझ्या भरवशावर बसला होता.

सहा वाजले. समुद्रावर कोण राहिले ते मी बघितले. माझ्या लेखी कुणी नव्हते. घंटा माझ्या पायाखालच्या मजल्यावरच टांगलेली आहे. ती वाजली नाही.

खोलीत हानुस आणि सामाल वाळवलेल्या मटणाचे काप खात बसले होते. बऱ्याच वेळाने दुरिता आत आली.

“बाबा, बायनिर इथं नाही? बटाटे गार झाले.”

“इथं कुठला? घरी आला ना तो?”

“दुपारीच आलाय. पान म्हणतंय.”

“मग बसला असेल कुठंतरी गप्पा छाटत,” सामाल म्हणाला. “ते काय तोंड आहे? नळ आहे नुसता.”

“होडीघर बघितलंस?” हानुसने विचारले.

“कशाला बघू? पान म्हणतंय ना.”

हानुस उठून खिडकीशी गेला. काचेवर फक्त पांढरे होते. “सामाल, तू आलास तेव्हा त्याचं दार उघडं होतं का रे?”

“माझंच दार मला हातानं शोधावं लागलं. मी आपला आलो, बटण दाबलं आणि—”

“कुठलं बटण?” दुरिता म्हणाली. “तुझं नाव आज पानावर नव्हतंच. मी सकाळपासून बघतेय. तू गेल्याचं नाही नि आल्याचंही नाही.”

सामालने फोन काढला. खवले नखाने खरवडले, काच बाहीने पुसली. मग त्याने तो तिच्यापुढे धरला.

“दुरिता,” तो म्हणाला, “इथं बायनिरचं नाव आहे.”

हानुस म्हाताऱ्या पायांनी जिना उतरला आणि त्याने हाताने घंटा वाजवली. माणसे धावत आली. सामाल सगळ्यांच्या आधी नौकेत चढला. दुरिता माझ्यासमोर उभी होती आणि जायला तयार नव्हती.

“तू घरी जा, पोरी,” हानुस म्हणाला.

“मी इथंच बसते.”

“पोरं एकटी आहेत. आणि तो आला तर कुणीतरी घरी असावं.”

ती गेली. खोलीत हानुस आणि मी उरलो. तो वायरलेससमोर बसला. माझ्या पडद्यावर ‘बायनिर घरी परतला’ ही ओळ अजून तशीच होती आणि तो अधूनमधून तिच्याकडे बघत होता. मला बोलता आले असते तर मी काय बोललो असतो, कोण जाणे. माझा पंखा तेवढा घरघरत होता. जूनमध्ये आमच्याकडे अंधार पडत नाही. नुसते करडे होते आणि करडेच राहते. त्या करड्या उजेडात वायरलेस खरखरला.

“हानुस, होडी मिळाली,” सामालचा आवाज आला.

“आणि?”

“होडी मिळाली, हानुस.”

पाद्रीबाबा राहतो डोंगरापलीकडच्या गावात, आणि घाट धुक्यात बुडालेला होता. दुरिताला मीच जाऊन सांगतो, असे सामाल म्हणाला. हानुस त्याच्या मागोमाग गेला. पुढचे मला त्याच्या तोंडून कळले. त्या घरात सामाल रांगत होता तेव्हापासून न विचारता शिरत आला होता. त्या दिवशी तो पायरीवर थांबला, टोपी काढून हातात घेतली आणि त्याने दार वाजवले. धाकट्या पोराने आतून ओरडून विचारले, “कोण वाजवतंय? आत या की!” दुरिताचा आवाज आला नाही. फक्त खुर्ची सरकल्याचे ऐकू आले.

बायनिर सापडला नाही. चर्चच्या भिंतीवर त्याच्या नावाला जागा करावी लागली.

बातमी कळताच गुनवा राजधानीहून आली. तिने माझ्या आतले सगळे वाचून काढले, पत्त्याला लटकलेला बिल्ला बघितला, आणि ओंजळीत तोंड लपवून ती रडली. गावात कुणी तिला बोल लावला नाही, त्याने तर ती जास्तच खचली. आता माझ्या जागी नवा सर्व्हर आला आहे. तो बिल्ला पत्त्यात लिहीत नाही. आणि ‘परतलो’ दाबले की आधी पासवर्ड विचारतो, मगच विश्वास ठेवतो. म्हातारे कुरकुर करीत नाहीत. सगळ्यांनी धक्क्यावर बसून, एकमेकांच्या फोनवर, या वेळी ‘हो’ दाबले.

माझी तार काढायच्या आधी गुनवा ती खोटी नोंद पुसायला बसली. दुरिता तिच्या मागे येऊन उभी राहिली होती.

“राहू दे गं,” ती म्हणाली.

“अगं, पण ते चूक आहे, दुरिता.”

“माहितेय मला. राहू दे. कुठंतरी तरी आलाय ना तो घरी.”

गुनवाने हात मागे घेतला आणि तार ओढली.

मित्रांनो, मला तुमच्याकडून केक नको. तुमच्या घरी, तुमच्या शाळेत माझी जी भावंडे निमूट काम करीत असतील, त्यांच्यावरची धूळ पुसा आणि जाणत्या माणसाला अधूनमधून त्यांच्या पोटात डोकावायला सांगा. आपला बिल्ला प्रेमानेसुद्धा दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका. आणि आपले माणूस घरी आले, असे कुठलेही पान सांगो, एकदा उठून खिडकीशी जा आणि होडीघरात होडी आहे का ते बघा. नोर्डविकच्या बायका आता पुन्हा बघतात. दुरिताही बघते, तिच्या होडीघरात आता कुणाची होडी येणार नसली तरी.

मी फळीवर आहे तसाच आहे. गाठोडी केव्हाच गेली, पण माझ्या पोटात ती एक नोंद अजून आहे. तिच्यात बायनिर त्या दुपारी, धुके उतरताच, घरी परतला आहे.